डावीकडे चालणाऱ्या पाणकोंबड्या

१

आपल्या मागावर जेमतेम अर्धा विणून झालेला पदर वत्सलाबाईंनी नाशकात, द्वारका चौकाजवळच्या एका दुकानाच्या काचेत पुरा झालेला पाहिला.

रिक्षा चौकातल्या गर्दीत अडकली होती म्हणून नजर तिकडे गेली. कमळांच्या तळ्यात एकामागून एक चाललेल्या जांभळ्या पाणकोंबड्या, आणि शेवटची मान वळवून मागे बघणारी. येवल्यात मोर, पोपट, आसावली पिढ्यान् पिढ्या विणले जातात. पाणकोंबडी कोणी विणली नव्हती. ही नक्षी चित्रकार किशोरने नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर बसून काढली होती, खास वत्सलाबाईंच्या कारखान्यासाठी. पुढच्या महिन्यात नाशिकच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर यायची होती. आणि इथे ती एका प्लास्टिकच्या बाहुलीच्या खांद्यावर लटकत होती.

वत्सलाबाई भर वाहतुकीत उतरल्या, दुकानात शिरल्या आणि त्यांनी आधी पदर उलटा केला. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत होते. म्हणजे यंत्रमाग. हातमागाच्या पैठणीला उलटी बाजू नसतेच; दोन्हीकडून नक्षी तेवढीच साफ.

"मावशी, एकदम नवं डिझाईन आहे," विक्रेता म्हणाला. "परवाच गठ्ठा आला. हातोहात चाललंय."

"आला कुठून?"

"ते शेठला माहीत. आणि शेठ कुणाला सांगत नाहीत."

साडी पिशवीत घालून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी पहिला फोन कारखान्यात केला. तिथेच चुकलं. फोन सोमनाथने घेतला. सोमनाथ कारखान्यातला सगळ्यांत जुना विणकर. हातात कसब मोठं, पण तोंडाला झाकण नाही.

"आक्का, नक्षीचा टॅब कुनाजवळ असतो? उज्वलाजवळ. त्याचं कुलूप उघडायचं कुनाला म्हाईत हाय? तिलाच. मग इचारायचं काय राहिलं त्यात?"

वत्सलाबाईंनी फोन ठेवला. उज्वलाला पहिला धागा त्यांनीच धरायला शिकवला होता. कारखान्यातला सगळ्यांत अवघड पदर यंदा तिच्या हाती देताना त्यांनी सोमनाथची नाराजीही पत्करली होती.

द्वारकेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ज्योत्स्ना राहायची, त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. विमा कंपनीत ती सर्व्हेअर होती. जळालेली गोदामं, फोडलेली दुकानं आणि त्यांच्या आडचे खोटे दावे तपासण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. तिने साडी पलंगावर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि पदराशी नाक नेऊन बराच वेळ पाहिलं.

"वत्सला, तुझ्या पाणकोंबड्या कुठल्या दिशेला चालतात गं?"

"उजवीकडे."

"मग या डावीकडे का चालल्यात?"

२

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने येवल्यात पोचल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचून जुनी झाली होती. कारखान्याच्या पायरीवर उज्वला बसली होती. आत नाही, पायरीवर.

"आक्का, माझ्या मागावर सोमनाथदादांनी चादर टाकलीय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत का?"

वत्सलाबाईंनी सांगितलं नव्हतं. पण आता गल्लीतल्या खिडक्या बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तूर्त तू मागावर बसू नकोस, उज्वला. छडा लागेपर्यंत."

उज्वला रडली नाही. "समोरच्या कारखान्यातल्या गोजराबाईंनी मला बघून दार लोटलं सकाळी. रोज हाक मारतात त्या. आज तुम्ही मला उठवलंत, तर उद्या येवल्यात मला माग कोण देईल? नक्षी विकणारी म्हणून नाव झालं की मग हात कितीबी चांगला असू दे."

हे खरं होतं. विणकराची नक्षी म्हणजे विश्वासाचा मामला. तो एकदा गेला की त्या हाताला गल्लीत काम नाही. ज्योत्स्नाने उज्वलाच्या खांद्यावर हात ठेवला. "आत चल. तुझ्या मागाजवळ बसून बोलू. मागावर नको, जवळ."

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे दुकान: पांढरी गादी, लोड आणि साड्यांचं काचेचं कपाट. मागे मागांची खोली. दोन्हींच्या मधल्या भिंतीत दार नसलेली रुंद चौकट. गादी त्या मधल्या भिंतीला लागून, त्यामुळे गादीवर टेकून बसणाऱ्याची पाठ मागांकडे आणि तोंड समोरच्या कपाटाकडे. ज्योत्स्नाने कपाटापुढे उभं राहून केस सारखे केले.

"काच छान ठेवलीयस. आणि ही मधली काळी साडी?"

"चंद्रकळा. आधी तिथे पिवळी होती. ललितशेठ म्हणाले, काळी मधे लावा, वरच्या दिव्याखाली उठून दिसते. दिसतेही."

"ललितशेठ कोण?"

"दलाल आहेत. आमच्या साड्या नाशकातल्या दुकानांत नेतात. हे होते तेव्हापासूनचे घरोब्याचे. येवल्यात असले की सकाळचा चहा इथेच."

मागांच्या खोलीत पूर्वेला मोठी खिडकी होती. तिच्याशी उज्वलाचा माग. मागाच्या उजव्या अंगाला, खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवून, लाकडी घोडीवर टॅब उभा होता. पूर्वी नक्षीचा कागदी आलेख मागावर टांगत. घामाने, हाताने तो मळायचा, फाटायचा. पाणकोंबडीचा आलेख फार बारीक होता म्हणून यंदा टॅब आणला. त्यात सिमकार्ड नव्हतं, इंटरनेट नव्हतं, आणि रात्री तो वत्सलाबाईंच्या तिजोरीत जायचा.

"हा पहिल्यापासून इथेच आहे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाय." उज्वलाने समोर बोट दाखवलं. "पहिल्यांदा त्या बाजूला होता, तोंड खिडकीकडं. पण ऊन वर आलं की पडद्यावर नुसते खिडकीचे गज दिसायचे. गज, आभाळ, आन् मधे माझं तोंड. पाणकोंबडी गायब. निळा धागा कुठं आन् जांभळा कुठं, कळायचं नाय. दोनदा चुकीचा रंग भरला, उसवावा लागला. मग दिवाळीनंतर मीच घोडी फिरवली. खिडकीकडं पाठ केली आन् उजेड पुरा वाढवला."

"खिडकीच बंद करायची."

उज्वला पहिल्यांदा हसली. "मग रेशीम कसं बघू? ट्यूबखाली निळं नि जांभळं रेशीम सारखंच दिसतं. रेशमाला ऊन लागतं आन् टॅबला अंधार. दोघांचं जमत नाय, आन् मी मधे."

ज्योत्स्नाने मान डोलावली. "सकाळी बसलीस की पहिलं काय करतेस?"

"आख्खा पदर पडद्यावर घेते. एकदा डोळ्यांखालून घालते, मग आजची ओळ मोठी करते."

"पदर कुणाला दाखवलास?"

"देवाशप्पथ नाय."

चौकटीतून सोमनाथचा आवाज आला. "मग पदराखाली झाकून काय करत व्हतीस, ते बी सांग की!"

३

सोमनाथने जे पाहिलं होतं ते त्याने रंगवून सांगितलं. उज्वला टॅब मांडीवर घेऊन, साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढून, अगदी बुरखा केल्यासारखी वाकून बसायची. एकदा नाही, कितीदा तरी. "आत काय चाललंय ते दिसत नाय. पर झाकायचं काय कारन? चोराच्या मनात चांदनं!"

"उज्वला?" वत्सलाबाई तिच्याकडे वळल्या.

"सावली करत होते, आक्का! घोडी फिरवायच्या आधीची गोष्ट. उन्हात रंग दिसेनात म्हणून तोंडावर पदर घेऊन बघायचे. त्यात बी गुदमरायला व्हायचं."

"आता सावली म्हनती," सोमनाथ पुटपुटला.

ज्योत्स्ना त्याच्याकडे वळली. "सोमनाथभाऊ, टॅबवरून तुम्ही कधी विणलंत?"

"एकदा बसलो. अर्धा तास मला माझंच टक्कल दिसत व्हतं. नक्षी शोधू का टक्कल झाकू? म्हनलं आक्का, हा आरसा तुमचा तुम्हांला लखलाभ. मी आपला कागदावरच बरा."

"म्हणजे हा माग तुम्हाला हवा होता, टॅब नको होता."

सोमनाथचा चेहरा उतरला. "माग मला पायजे व्हता. खोटं कशाला बोलू? पर मी चोर न्हाय ताई."

"मी कुठे म्हटलं? तुम्हाला उघडताही येत नाही तो."

किशोर दुपारी मनमाडहून आला. तोच या नक्षीचा चित्रकार. मूळ फाईल त्याच्या संगणकावर होती, त्यामुळे उज्वलानंतर संशयाचं बोट त्याच्याकडेच जायचं, आणि ते त्याला ठाऊक होतं. घाम पुसत तो आत आला तो भांडायच्या तयारीनेच.

"काकू, मला विकायचीच असती तर मी तुमच्याकडे आधी आलो असतो का? ही नक्षी मी कुणाला ई-मेलसुद्धा केलेली नाही. इथे येऊन, माझ्या हाताने, तारेने टॅबमध्ये घातली."

"बस आधी," ज्योत्स्ना म्हणाली आणि नाशकातली साडी तिने त्याच्यापुढे पसरली.

किशोर बघत राहिला. राग चेहऱ्यावरून ओसरला आणि त्याच्या जागी निराळंच काहीतरी आलं. दुखावल्यासारखं.

"माझी कळी कुठाय?"

"कुठली कळी?"

"वरच्या कोपऱ्यात. शेवटच्या पाणकोंबडीच्या डोक्यावर कमळाची अर्धी उमललेली कळी आहे. ती मान वळवून मागे बघते ती त्या कळीकडे! कळी नसेल तर ती कशाला मागे बघेल? या गाढवांनी तिथे नुसती जर भरलीय. सपाट!"

वत्सलाबाईंनी टॅब उघडवून घेतला. उज्वलाने पदर पडद्यावर आणला. डाव्या कोपऱ्यात कळी होती, बारीक, तिरकी, सुरेख. नकलेत तोच कोपरा, आता उजव्या हाताला, चकचकीत आणि रिकामा.

"वगळली असेल," वत्सलाबाई म्हणाल्या. "मशीनला जड गेली असेल."

"काकू, खाली पाणकोंबडीची बोटं बघा. एकेक पेर घेतलंय. त्यांना बोटं जड गेली नाहीत, मग एक कळी जड जाईल?"

ज्योत्स्ना खूश झालेली दिसली. वत्सलाबाईंना तिचा जरा रागच आला. "वत्सला, चोराने काय नेलं ते सगळेच बघतात. मी आयुष्यभर बघत आले ते, त्याला काय नेता आलं नाही. फाईल ज्याच्या हाती लागेल त्याला कळी आपोआप मिळेल. किशोर फाईल विकेल तर कळीसकट. उज्वलाने टॅबचा फोटो काढला असता तरी कळी आली असती, आणि पाणकोंबड्या उजवीकडेच चालल्या असत्या."

"ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम उलट्या केल्या असतील," सोमनाथ म्हणाला. आता तो चोरी सोडवण्यात रमला होता.

"ओळखू येऊ नये म्हणून पाणकोंबडीचं बदक केलं असतं. येवल्यात ती एकाच ठिकाणी आहे."

"आणि मागावरचं विणकाम मागच्या बाजूने कुणी पाहिलं असेल तर?" वत्सलाबाईंनी विचारलं. "पैठणी दोन्हीकडून सारखी. मागून पाहिली की पाणकोंबडी डावीकडे चालणार."

"हे मलाही वाटलं होतं. पण मागावर पदर अर्धाच आहे. नकलेत तो पुरा आहे. न विणलेला अर्धा भाग जगात फक्त पडद्यावर होता." ज्योत्स्नाने चष्मा डोळ्यांवर उतरवला. "म्हणजे कुणीतरी पडदा पाहिला. पण उलटा पाहिला."

एवढ्यात बाहेर चपला वाजल्या. ललितशेठ आले होते.

४

ललितशेठ दारातूनच हळहळत आले. "वहिनी, कानावर आलं आणि हातातलं काम टाकून निघालो. कुणाची दृष्ट लागली म्हणायची!" ज्योत्स्नाची ओळख झाल्यावर त्यांनी नमस्कार केला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "उज्वलाला फार बोलू नका हं. गरीब पोरगी आहे. एखाद्या वेळी माणूस घसरतो. तिला समजून घ्या आणि सोडून द्या."

उज्वला आत चौकटीशी उभी होती. तिने ऐकलं. वत्सलाबाईंनी मान फिरवली.

"शेठ, तुमचा काय अंदाज?" ज्योत्स्नाने विचारलं. "तुम्ही रोजचे."

"मी काय अंदाज करणार? मी मागांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. विणकरांच्या डोक्यावर उभं राहू नये, हे मला वहिनींच्या मालकांनीच शिकवलं. इथे गादीवर बसतो, चहा घेतो, फोन करतो. तोही तिकडे पाठ करून."

"हे मात्र खरं," वत्सलाबाई म्हणाल्या. सोमनाथनेही होकार भरला. शेठला मागांकडे डोकावताना कुणी पाहिलं नव्हतं. चोरी पडद्यावरून झाली असेल, तर कारखान्यात ये-जा करणाऱ्यांपैकी हा एकच माणूस असा की ज्याला पडदा दिसणंच शक्य नव्हतं.

ललितशेठ गेल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "मी आज तुझ्याकडे मुक्काम करते. उद्या सकाळी मला सगळं रोजच्यासारखं हवंय. उज्वला मागावर. टॅब चालू. चहाची वेळ तीच."

"मागावर?" वत्सलाबाई अडखळल्या. "गल्लीत काय म्हणतील?"

"गल्लीला उद्या दुपारी मी उत्तर देईन. नाहीतर तू दे."

सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं. उज्वलाने चादर काढली, घोडी नीट केली, टॅबचा उजेड पुरा वाढवला आणि आख्खा पदर पडद्यावर घेतला. तिच्या मागे मधल्या चौकटीतून दुकान दिसत होतं, पण ती तिकडे बघत नव्हती. तिला बघायचं होतं ते पुढे होतं.

ज्योत्स्ना गादीवर जाऊन बसली. आधी ती लोडाला टेकली, मग थोडी सरकली, पुन्हा सरकली. मान तिरकी केली. वत्सलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ती समोरच्या कपाटाकडे टक लावून बसली होती, लग्नाची साडी निवडायला आलेल्या नवरीसारखी.

"तुला चंद्रकळा हवी असेल तर सरळ सांग," वत्सलाबाई म्हणाल्या.

"चहा ठेव खाली. माझ्या जागी बस. आणि चंद्रकळेकडे बघू नकोस. तिच्यावरच्या काचेकडे बघ."

वत्सलाबाई बसल्या. त्यांनी पाहिलं.

५

काळ्या चंद्रकळेवर, काचेत, कमळांचं एक छोटंसं तळं तरंगत होतं. जांभळ्या पाणकोंबड्या एकामागून एक डावीकडे चालल्या होत्या.

मधल्या भिंतीमुळे गादीवरून टॅब दिसत नव्हता, पण टॅबचं तोंड चौकटीतून थेट कपाटाकडे होतं. उजेड पुरा वाढवलेला पडदा, आणि काचेमागे काळं कापड. आरसा याहून वेगळा काय असतो?

"आणि कळी?" वत्सलाबाईंनी विचारलं, पण उत्तर समोरच होतं. कपाटातला छोटा दिवा बरोबर तळ्याच्या वरच्या कोपऱ्यावर चमकत होता. तिथे कळी असायला हवी होती, तिथे नुसता पांढरा लखलखाट होता.

"आता हातभर उजवीकडे सरक."

त्या सरकल्या. लखलखाट कोपऱ्यावरून निसटून एका पाणकोंबडीच्या पायांवर आला. कळी दिसू लागली.

"डावीकडे."

आता दिवा कमळाच्या पानावर आला. परत मूळ जागी बसल्या, आणि कळी गेली.

"म्हणजे ज्याने कळी गमावली तो या जागी बसायचा," ज्योत्स्ना म्हणाली. "इथेच. हातभरही इकडे-तिकडे नाही." तिने आपल्या मोबाईलने काचेचा फोटो काढला आणि नाशकातल्या साडीशेजारी धरला. दिशा तीच, रिकामा कोपरा तोच. "फोटोवरून आलेख काढणाऱ्याला तिथे पांढरा डाग दिसला. त्याने जर भरून टाकली."

आतून उज्वला ओरडली, "आक्का, काय झालं? मी उठू का?"

"उठू नकोस!" वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा आला.

ललितशेठ नेहमीच्या वेळेला आले. दुकानात किशोर, सोमनाथ, दोघी बाया. शेठनी सगळ्यांकडे पाहून स्मित केलं.

"बसा ना शेठ," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमच्या जागेवर."

शेठ गादीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ टेकले.

"आज तिकडे?" सोमनाथ म्हणाला. "लोड तर हितं हाय."

"वारा बरा लागतोय इथे."

"जागेचीच तर गंमत आहे," ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. "काल म्हणालात, मागांकडे पाठ करून बसतो. अगदी खरं. तुम्हाला पाठच करायची होती. उज्वलाने दिवाळीनंतर टॅब फिरवला, आणि एक दिवस चहा पिताना तुम्हाला काचेत पुसटसा पदर दिसला. तेव्हा कपाटात मधे पिवळी साडी होती. पिवळ्यावर काय नीट दिसणार? मग तुम्ही वहिनींना सांगितलंत, काळी लावा."

ललितशेठनी कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "अहो, साड्या कशा मांडाव्या हे सांगणं गुन्हा झाला?"

"नाही. पण फोनवर बोलणारा फोन कानाला लावतो. तुम्ही इथे बसून तो तोंडासमोर धरायचात की नाही, वत्सला?"

वत्सलाबाईंना आठवलं. कितीदा चहा देताना त्यांनी तो हात पाहिला होता. त्यांना वाटायचं, शेठची नजर अधू झालीय.

ज्योत्स्नाने दोन्ही चित्रं गादीवर ठेवली. शेठनी ती पाहिली. 

"दिसलं म्हणून घेतलं," शेवटी ते म्हणाले. "उघड्यावर होतं. मी काही कुलूप फोडलं नाही. उघड्यावर दिसलेलं घेतलं तर त्याला चोरी म्हणतात का?"

"दिसण्याला नाही म्हणत," ज्योत्स्ना म्हणाली. "दिसावं म्हणून काळी साडी लावून घ्यायला म्हणतात. आणि काल त्या मुलीच्या देखत 'गरीब आहे, घसरली असेल' म्हणालात, त्याला माझ्याकडे शब्द नाही."

 वत्सलाबाई उठल्या आणि त्यांनी शेठपुढचा कप उचलला. "शेठ, त्या यंत्रमागवाल्याला फोन लावा. इथे, आमच्यासमोर. मागावर असेल ते काढायला सांगा. दुकानांत गेलेला गठ्ठा परत मागवा. नाहीतर ही दोन चित्रं घेऊन मी नाशकात दुकानोदुकान फिरेन. मग कुठल्या दारात तुम्हाला चहा मिळतो ते बघू. इथला आजपासून बंद."

ललितशेठनी फोन लावला. या वेळी कानाला.

६

ज्योत्स्ना दुपारच्या एसटीने निघाली. जाताना उज्वलाला म्हणाली, "टॅबच्या काचेवर चिकटवायचा खरखरीत पापुद्रा मिळतो, चकाकी मारणारा. द्वारकेला मोबाईलवाल्यांकडे असेल. उद्याच्या गाडीने पाठवते. तो लागला की तोंड कुठेही फिरव, आरसा होणार नाही. उजेडही इतका वाढवावा लागणार नाही."

"माझं टक्कल बी दिसनार नाय?" सोमनाथने विचारलं.

"ते तुम्हालाच झाकावं लागेल."

किशोर हसला, मग गंभीर झाला. प्रदर्शनाला अजून वेळ होता आणि पदर अर्धा होता. कळी तर पारच वर, शेवटी येणार. "उज्वलाताई, होईल?"

उज्वला मागाजवळ उभी राहिली. बसली मात्र नाही.

वत्सलाबाई तिच्याजवळ गेल्या. त्यांना माफी मागायची होती. "उज्वला, मी काल..."

"आक्का, तुम्ही माझ्याशी काय बोललात ते मी विसरेन," उज्वला म्हणाली. "पण गोजराबाईंनी दार लोटलं, ते त्यांना कोण विसरायला लावील? माझं नाव ज्या ज्या दारात गेलं, तिथं मी स्वतः जाऊन 'मी चोर नाय' असं सांगायचं का?"

वत्सलाबाईंनी पायात चपला घातल्या.

भर दुपारी, गल्ली जेवून सुस्तावलेली असताना, त्या बाहेर पडल्या. सोमनाथ मागोमाग निघाला. "मी बी येतो. पसरवली मी, तर गोळा बी मीच करतो." पहिलं दार गोजराबाईंचं. वत्सलाबाईंनी कडी वाजवली आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच, आतले माग थांबतील एवढ्या मोठ्याने, सगळं सांगितलं: चोर कोण, कसा, आणि आपण स्वतः उज्वलावर संशय घेतला ही चूक कशी झाली. मग पुढचं दार. एका ठिकाणी कुणी हसलं, एका ठिकाणी सोमनाथला टोमणा बसला, त्याने तो निमूट घेतला. एका कारखान्यात म्हाताऱ्या विणकराने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच उठून आपल्या टॅबचं तोंड फिरवलं. गल्ली संपेपर्यंत वत्सलाबाईंचा घसा बसला होता.

परत आल्या तेव्हा मागाचा आवाज चालू होता. ठक, आणि मग थांबा, आणि पुन्हा ठक. उज्वला बसली होती. टॅब तिने पुन्हा पहिल्या जागी नेला होता, चौकटीकडे पाठ आणि तोंड खिडकीकडे. पडद्यावर गज आणि आभाळ पसरलं होतं, आणि ती डोळे बारीक करून त्यातून पाणकोंबडी शोधत होती. शेजारी गोजराबाई रेशमाच्या कांड्या भरत बसल्या होत्या. कधी आल्या कोण जाणे.

वत्सलाबाई खिडकीशी गेल्या. तांब्यातलं पाणी त्या उभ्यानेच प्यायल्या. त्या कपाळ पुसून बाजूला होणार, तेवढ्यात उज्वलाने मान न उचलता हात वर केला.

"आक्का, हलू नका. तुमच्या सावलीत नीट दिसतंय."

वत्सलाबाई तांब्या हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. पडद्यावरचे गज पुसले गेले होते. निळा निळा दिसत होता, जांभळा जांभळा. उज्वलाने जांभळी कांडी उचलली.